घर्रर्र की खर्रर्र?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते आणि आमच्या गाडीच्या बॉनेटखाली कोणीतरी सुपारी कातरायला बसलं.

वर्धा रोडवर सिग्नलला थांबलं की आवाज वाढायचा, गाडी पळू लागली की वाऱ्यात विरून जायचा. एसीची हवा मात्र थंडगार येत होती. कुरकुरत का होईना, पण काम करणारं माणूस प्रत्येक घरात असतंच, म्हणून मी चार दिवस दुर्लक्ष केलं. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, झोपेत तुमचा येतो ना, तसाच आवाज आहे हा. दाखवून तरी आणा."

सोसायटीतल्या काकांनी पार्किंगमध्येच निकाल दिला, "गॅस संपला." काकांच्या मते जगातल्या प्रत्येक एसीला हा एकच रोग होतो. गॅस संपला तर हवा थंड कशी, हे विचारायचं मला सुचलं नाही. गॅस भरून आलो. पैसे गेले, आवाज राहिला.

मग कामठी रोडवरचं एक गॅरेज गाठलं. मिस्त्रीसमोर उभी राहताच गाडी तोंडी परीक्षेतल्या पोरासारखी गप्प.

"कसा आवाज येते, भाऊ?"

"घर्रर्र."

"घर्रर्र की खर्रर्र? दोघांत लय फरक हाय."

मी डोळे मिटले, सिग्नल आठवला आणि मनापासून म्हणालो, "खर्रर्र... खर्रर्र..."

हाताखालचं पोरगं तडक पानठेल्याकडे पळालं आणि चांगला घोटलेला खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घेऊन आलं. पैसे अर्थातच माझ्याकडून.

"इंजिन तापू द्या," मिस्त्री म्हणाला. पंचेचाळीस डिग्रीत त्याला कितीसा वेळ लागणार! दहाव्या मिनिटाला सुपारी सुरू झाली.

"आता एसी बंद करा."

"काऊन?" माझ्या तोंडून आपसूक निघालं. मेच्या शेवटी चालत्या गाडीतला एसी मुद्दाम बंद करून पाहायचा, हे कोणत्या नागपूरकराला सुचेल? म्हणून तर पाच दिवसांत मला ही परीक्षा घेता आली नव्हती. बंद केला. खर्रर्र चालूच.

"वाचले तुम्ही," मिस्त्री म्हणाला आणि मग त्याने वर्गच घेतला. इंजिन चालू असेतोवर बेल्ट कॉम्प्रेसरची, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाची, पुली फिरवतच असतो. बटण दाबलं की चुंबकाचा क्लच टक् करून चिकटतो, आणि तेव्हा कुठे आतला कॉम्प्रेसर फिरायला लागतो. बटण दाबल्यावरच आवाज आला असता तर संशय क्लचवर किंवा थेट कॉम्प्रेसरच्या पोटावर. पोट बिघडलं की धातूचा चुरा पाइपांतून गावभर फिरतो आणि खर्चही त्याच्या मागे फिरतो. इथे बटण बंद असूनही आवाज, म्हणजे आरोपी बाहेरचाच. पुलीचं बेअरिंग, नाहीतर बेल्टच्या वाटेतली दुसरी एखादी चकती.

त्याने लांब पेचकसाचं टोक एकेका भागाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरही इतक्या शांतपणे ऐकत नाहीत. मग मूठ माझ्या कानाला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नुसता गुणगुणत होता. कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाशी मात्र अख्खी सुपारी कातरली जात होती. इंजिन बंद करून बेल्ट उतरवला, पुली हाताने फिरवली, तर बोटांनाही खरखर लागली.

संध्याकाळपर्यंत नवं बेअरिंग बसलं. गॅस काढावाच लागला नाही. म्हणजे काकांचा गॅस अजून आतच आहे.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना मिस्त्रीचा फोन आला. "भाऊ, एक गिऱ्हाईक हाय. त्याले आवाज सांगता येऊन नाही राहिला. जरा तुमचा तो काढून दाखवा ना, स्पीकरवर टाकतो."

मी बाहेर आलो, जिन्याच्या कोपऱ्यात गेलो, आजूबाजूला पाहिलं आणि घसा साफ करून म्हणालो, "खर्रर्र... खर्रर्र..."

पलीकडून पोराचा आवाज आला, "आणू का?"