खुलासा : ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे चुकीचं आहे

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की रत्नागिरीत खोल्या शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘करार अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी नको, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं.’

हा समज उगाच आलेला नाही. 1908च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिने. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999चं कलम 55 आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे खोली ठराविक काळ फक्त वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिवाय असा करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे वाचवलेला खर्च मालकाच्याच अंगाशी येतो!

मुलांनीही करार नीट वाचावा. आपल्याकडच्या पावसात चिऱ्याच्या भिंतीला ओल चढतेच, आणि खोली सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. तो खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्या.

नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचं मशीन असलं की घरबसल्या काम होतं. तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आला तर त्याखाली कलम 55 लिहा.