ट्रेमर्स : भुईखालचे भय आणि चौदा माणसांची वस्ती

गेल्या आठवड्यात रात्री कपाशीला पाणी द्यायला वावरात गेलो होतो, कारण आमच्याकडे लाइनीची, म्हणजे विजेची, पाळी रात्रीची आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि ती काठी प्रत्येक पावलापुढे जमिनीवर आपटत चालायचे, ही सवय लहानपणापासूनची. सापाला बाहेरचा कान नसला तरी जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते, आणि माणूस येतो आहे हे कळले की तो बहुधा स्वतःच बाजूला होतो. धुऱ्यावर बसलो असताना एकदम जाणवले की ‘ट्रेमर्स’ या सिनेमातल्या गावात मी असतो, तर याच सवयीपायी मेलो असतो. तिथला भुईखालून फिरणारा, अजस्र अळीसारखा माणूसखाऊ जीव थरथरीपासून दूर जात नाही, थरथरीच्या दिशेनेच धावत येतो.

रॉन अंडरवूड यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा १९९० सालचा आहे. चित्रपटगृहांत त्याने बेताचाच धंदा केला आणि पुढे व्हिडिओ कॅसेटवर त्याला खरा प्रेक्षक मिळाला. आमच्यापर्यंत तो केबलवर, हिंदीत डब होऊन पोहोचला. कथा अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या ‘परफेक्शन’ नावाच्या काल्पनिक वस्तीत घडते. पाटीवर लोकसंख्या चौदा, एकच दुकान, बाहेर जायला एकच रस्ता, आणि तोही दरड कोसळून बंद झालेला. व्हॅल आणि अर्ल हे दोघे मिळेल ते काम करून पोट भरणारे गडी आहेत. या गावात आपले काही खरे नाही म्हणून ते सामान बांधून निघतात आणि ज्या दिवशी निघतात त्याच दिवशी अडकतात. गाव सोडायचे ठरवून वर्षानुवर्षे गावातच राहिलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारी आबाजी बसले होते. त्यांना हिंदी निम्मेच कळायचे आणि भुताखेतांच्या सिनेमांचा तर तिटकारा होता. पण अर्धा तास झाला असेल-नसेल, पडद्यावरची माणसे मोकळ्या जमिनीवर पळताना पाहून ते ओरडले, “अबे, गोट्यावर चढा ना बे, गोट्यावर!” आणि थोड्या वेळाने ती माणसे खरोखरच खडकावर चढली. माझ्या मते या सिनेमाचे सगळे बळ इथे आहे. त्याचा नियम एकच आणि स्वच्छ आहे : मऊ जमिनीत मरण, खडकावर जीव. काळ्या जमिनीत पाऊल कसे रुतते आणि बरडावर कसे वाजते हे जाणणारा शेतकरी हा नियम पात्रांच्याही आधी ओळखतो. एकदा प्रेक्षक असा पुढे गेला की त्याची भीती आणि त्याचे हसू दोन्ही वाढतात, कारण आता त्याला पात्रांची चूक ती होण्याआधीच दिसू लागते.

विनोद राक्षसाच्या रूपातून येत नाही, माणसांच्या स्वभावातून येतो, हेही मला फार मोलाचे वाटते. दुकानदार वॉल्टर चँग त्या जनावराच्या तुटलेल्या जिभेतही धंदा पाहतो आणि त्याला ‘ग्रॅबॉइड’ असे नाव देतो. बर्ट आणि हेदर हे जोडपे जग बुडण्याच्या तयारीत तळघरभर बंदुका लावून बसले आहे. नेमके त्याच तळघराची भिंत फोडून जनावर आत येते आणि तिथे त्याचा निकाल लागतो. तरीही मला सगळ्यात आवडतो तो विजेच्या टॉवरवर चढून बसलेल्या एडगरचा प्रसंग. वर चढलेला माणूस बंदूक हातात असूनही खाली उतरत नाही आणि शेवटी तहानेने मरतो. यात रक्ताचा थेंबही नाही. रानडुकरांच्या राखणीला रात्रभर माळ्यावर बसलेल्या माणसाला, खाली काहीतरी आहे एवढ्या नुसत्या शंकेने उतरवत नाही, तेव्हा त्या एडगरचे काय झाले असेल हे बरोबर कळते.

जनावर संगणकावर केलेले नाही. टॉम वुड्रफ आणि अ‍ॅलेक गिलिस यांच्या चमूने ते खरोखर घडवले होते, त्यामुळे त्याच्या अंगावरची माती खरी वाटते आणि आजही पाहताना ते फारसे जुने वाटत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. त्या जनावराचा वेग कथेच्या सोयीने बदलतो : डॉक्टर आणि त्यांच्या पत्नीला ते लगेच गाठते, पण व्हॅल आणि अर्ल मात्र मोकळ्या मैदानातून दर वेळी निसटतात. नियम इतक्या काटेकोरपणे मांडणाऱ्या सिनेमाने हा पक्षपात करायला नको होता. ऱ्होंडा ही भूकंपशास्त्राची विद्यार्थिनी सगळ्यांत हुशार आहे, पण काटेरी तारेत अडकल्यावर तिला पँट सोडून पळायला लावणारा प्रसंग केवळ प्रेक्षकांच्या नजरेसाठी आहे, आणि शेवटचे चुंबनही चाचणी-खेळाच्या प्रेक्षकांना हवे होते म्हणून नंतर जोडलेले आहे. ते जोडकाम दिसते.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र मेलेल्या माणसांबद्दल आहे. म्हातारा फ्रेड आपल्या मळ्यात मरतो. जमिनीवर त्याची टोपी दिसते, टोपी उचलली की खाली त्याचे डोके असते, आणि हा धक्का फार चांगला बसवला आहे. पण त्यानंतर त्याच्यासाठी कोणी दोन मिनिटे थांबत नाही. आमच्याकडे एक माणूस गेला की त्या आळीत चूल पेटत नाही. चौदांच्या वस्तीत एक माणूस जाणे म्हणजे गावाचा मोठा तुकडा जाणे आहे, आणि विनोद न मोडता हे दाखवता आले असते, कारण टॉवरच्या प्रसंगात या मंडळींनी ते जवळपास करून दाखवलेच आहे.

पुढे या सिनेमाचे बरेच भाग निघाले. १९९६ सालच्या दुसऱ्या भागात त्या जनावरातून पाय असलेली, उष्णतेवरून भक्ष्य शोधणारी पिल्ले बाहेर पडतात आणि जमिनीवरून चालत फिरतात. तो भाग मी हौसेने आबाजींना दाखवायला घेतला होता. पाय दिसताच त्यांनी विचारले, “मंग आता गोट्यावर चढून काय फायदा?” आणि ते उठून बाजेवर जाऊन झोपले.