'आम्ही फक्त जहाजं बांधली' म्हणे

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय, की अमेरिकेतली गुलामगिरी हे दक्षिणेतल्या मळेवाल्यांचं पाप, उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या गावांनी फक्त जहाजं बांधली, आणि 1808 ला बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी आल्यावर तर विषयच संपला. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

दक्षिणेचं पाप म्हणता, तर उत्तरेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्बलहेडला 1636 मध्ये बांधलेलं 'डिझायर' जहाज बघा. 1638 ला ते कॅरिबियन बेटांवरून बॉस्टनला आलं तेव्हा त्यात कापूस, तंबाखू आणि आफ्रिकन माणसं होती, सगळं एकाच मालात. पुढे ऱ्होड आयलंड, उत्तरेतलंच सगळ्यात चिमुकलं राज्य, तिथून आफ्रिकेकडे हजारेक फेऱ्या झाल्या आणि लाखभर माणसं नेली गेली. जाताना रम, येताना माणसं. रम गाळणारा, पिंपं बनवणारा, शिडं शिवणारा, सगळ्यांची चूल त्यावरच पेटायची.

'फक्त बांधली' हे मला सगळ्यात जास्त खटकतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सेटॉकेटला 1857 मध्ये 'वाँडरर' नावाची यॉट, म्हणजे सहलीची बोट, बांधली, एका श्रीमंताच्या हौसेसाठी, त्यामुळे बांधणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण वर्षभरात ती विकली गेली आणि शेजारच्याच पोर्ट जेफरसनला तिच्यात पाण्याच्या टाक्या बसवल्या, 15,000 गॅलनच्या, म्हणजे 56 हजार लिटरच्या वर पाणी. सहलीच्या बोटीत एवढं पाणी कोण पिणार? टाकी बसवणाऱ्याला हे कळलं नसेल असं मला कोणी सांगू नका, कारण कस्टमवाल्यांना संशय आलाच होता, त्यांनी बोट अडवून न्यूयॉर्कला नेली, तपासली आणि सोडून दिली. मग ती न्यूयॉर्क यॉट क्लबचा झेंडा लावून काँगो नदीवर गेली, 480 च्या वर माणसं भरली, आणि नोव्हेंबर 1858 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याच्या जेकिल बेटावर उतरली तेव्हा 400 च्या आसपास जिवंत होती.

आता ही 1858 ची गोष्ट, म्हणजे बंदीला 50 वर्षं झालेली, मग विषय संपला कुठे? कायदा होता हो, पण राबवणारा कोण ते बघा ना. ऱ्होड आयलंडच्या ब्रिस्टलला डीवुल्फ घराण्याचा हा गुलामांच्या व्यापाराचा धंदा, आणि 1804 ला तिथल्या कस्टमचा प्रमुख नेमला तो त्यांच्याच नात्यातला, स्वतः अशा जहाजांत भागीदार असलेला. घराण्यातला जेम्स डीवुल्फ 1821 ला सेनेटर झाला. 1820 पासून या धंद्याला फाशीची शिक्षा होती, फासावर गेला एकटा नॅथॅनियल गॉर्डन, 1862 मध्ये, आणि तोही उत्तरेतल्या मेन राज्याच्या पोर्टलंडचा.

त्याच मेनमध्ये 1851 ला 'नाइटिंगेल' बांधलं, जेनी लिंड या गायिकेच्या टोपणनावावरून नाव ठेवलेलं देखणं क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकन नौदलाने ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलं तेव्हा आत 961 माणसं कोंडलेली होती. सुटका झाली होती त्यांची, तरी आफ्रिकेतल्याच लायबेरियाला पोचेपर्यंत त्यातली 160 दगावली.