‘छापील आवृत्ती लवकरच’ ही ओळ आम्ही काढली आहे: एका वाचकाच्या तक्रारीला प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार,

आमच्या तीन भागांच्या (प्रत्येक भाग वेगळ्या लेखिकेचा) कादंबरी-मालिकेला तुम्ही दोन तारे दिलेत. कथेला पाच, प्रकाशकाला शून्य, असंही लिहिलंत. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. तिन्ही भाग फक्त डिजिटल रूपात निघाले. दुसऱ्या भागाच्या वेळी आम्ही ‘छापील आवृत्ती लवकरच’ असं लिहिलं आणि त्याला अडीच वर्षं झाली. तुमच्या वडिलांना ही मालिका वाचायची आहे, पण पडद्यावर त्यांचे डोळे दुखतात. घरच्या घरी छापून द्यावी म्हटलं, तर फाईलला कुलूप. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘फाईल तर तयारच आहे, छापायचं बटण तेवढं दाबायचं. नफा सुटत नाही म्हणून टाळताय.’

आधी आमच्या चुकीबद्दल. ‘लवकरच’ ही ओळ मीच घालायला सांगितली होती. तेव्हा एका मुद्रकाशी बोलणं चालू होतं आणि चार-सहा महिन्यांत पुस्तक हातात येईल असं मला मनापासून वाटत होतं. बोलणं फिसकटलं आणि ओळ तशीच राहिली. तिच्या भरवशावर तुम्ही तिसरा भाग विकत न घेता थांबलात, आणि थांबणारे तुम्ही एकटे नव्हता, हे आता आलेल्या पत्रांवरून कळतंय. प्रकाशकाने तारीख माहीत नसताना आशा लावणं ही वाचकाची फसगतच आहे, हेतू काहीही असो. मी तुमची माफी मागते. ती ओळ काल काढली.

बटणाची गोष्ट मात्र मला मान्य नाही. असा समज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्याकडे जी ईपब, म्हणजे डिजिटल पुस्तकाची, फाईल आहे तिच्यात ‘पान’ नावाची गोष्टच नाही. मजकूर पाण्यासारखा वाहतो. तुम्ही अक्षर मोठं केलंत की ओळी नव्याने तुटतात, फोन आडवा धरलात की पुन्हा तुटतात. छापील पान एकदा ठरलं की ठरलं. ओळ कुठे तुटेल, परिच्छेदाची शेवटची एकुलती ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटी पडणार नाही ना, प्रकरण उजव्या पानावर सुरू होईल ना, हे सगळं कोणीतरी बसून पाहावं लागतं. पहिला भाग साधारण 96,000 शब्दांचा आहे. पानाला 300 शब्द धरले तर 320 पानं, म्हणजे 16 पानी 20 फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे फर्मा), अगदी नेमके. पण पहिल्यांदा मांडणी केली तेव्हा 325 पानं झाली. त्या 5 पानांसाठी आणखी एक फर्मा आणि त्यात 11 कोरी पानं! मग समास, ओळींमधलं अंतर, प्रकरणांच्या सुरुवातीची मोकळी जागा, सगळं पुन्हा जुळवावं लागलं.

मुखपृष्ठाचं तेच. डिजिटल मुखपृष्ठ 1600 बाय 2560 पिक्सेलचं होतं. पडद्यावर सुरेख दिसतं. छपाईला इंचामागे 300 पिक्सेल धरले तर त्याची रुंदी भरते जेमतेम 5.3 इंच, आणि आमचं पुस्तक साडेपाच इंच रुंद. शिवाय कडा कापताना जाणारे 3 मिलिमीटर वेगळेच. मलपृष्ठ आणि कणा तर डिजिटल पुस्तकाला नसतातच. 320 पानं म्हणजे 160 कागद. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) एक कागद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड धरला तर कणा 16 मिलिमीटरचा. म्हणजे कागद ठरल्याशिवाय कण्यावरचं नावसुद्धा बसवता येत नाही. पडद्यावर प्रकाशाने चमकणारा तो गडद निळा चार शाईंच्या छपाईत मातकट उतरला. चित्रकाराने मूळ चित्र उघडून ते नव्याने केलं आहे, आणि माझ्या मते ते आधीच्यापेक्षा चांगलं झालं आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला दुसऱ्या भागाने. तुम्ही तो वाचला आहे, तेव्हा तुम्हाला आठवत असेल: दोन निवेदक आहेत, एकीचा मजकूर निळा, दुसरीचा तपकिरी, आणि पत्रांच्या उल्लेखांवर बोट टेकवलं की आधीच्या प्रकरणातलं मूळ पत्र उघडतं. काळ्या शाईच्या पुस्तकात यातलं काहीच चालत नाही. एकीचा आवाज तिरप्या अक्षरांत टाकून पाहिला, पण सलग चाळीस पानं तिरपी अक्षरं वाचवत नाहीत. शेवटी दोघींना दोन वेगळे टाइप, म्हणजे अक्षरांची दोन वळणं, दिली. कोणाला कोणता, हे लेखिकेने ठरवलं आणि ते तीन वेळा बदललं. पत्रांच्या उल्लेखांपाशी समासात पान क्रमांक येणार आहेत. ते क्रमांक मांडणी पूर्ण झाल्यावरच भरता येतात, आणि मांडणी एका ओळीने जरी हलली तरी सगळे पुन्हा तपासावे लागतात. हे काम यंत्र करत नाही, आमच्या मुद्रितशोधक करतात.

गेल्या महिन्यात पहिल्या भागाच्या चार चाचणी प्रती काढल्या. बांधणीकडचा समास कमी पडला होता, त्यामुळे प्रत्येक ओळीचा एक शब्द खाचेत गडप. पुस्तक पूर्ण उघडून दाबावं तर कण्याचा गोंद तडकला आणि 112 नंबरचं पान सुटून हातात आलं. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा, तो आडवा लागला होता, म्हणून पानं ताठ उभी राहत होती. अशी प्रत मी तुम्हाला विकली असती, तर तुम्ही एकच तारा दिला असता आणि तो योग्यच ठरला असता.

आता नफ्याबद्दल. तुमचा आरोप अर्धा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. ऑफसेट छपाईत प्लेटा करणं आणि यंत्र लावणं याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. प्रती जास्त असतील तरच एकेक प्रत परवडते. आमच्यासारख्या छोट्या प्रकाशनाने हजार प्रती काढून त्यातल्या सातशे गोदामात ठेवल्या, तर पुढच्या दोन नव्या लेखकांची पुस्तकं निघणार नाहीत. तेव्हाच्या हिशेबात मी इथेच थांबले. पण मागणीनुसार छपाईचा मार्ग तेव्हाही होता. त्यात डिजिटल यंत्रावर एकेक प्रत निघते, गोदाम लागत नाही. प्रती वाढल्या म्हणून प्रतीमागचा खर्च फारसा उतरत नाही, पण कोणाचे पैसेही अडकत नाहीत. त्या मार्गाचा हिशेब मी मांडलाच नाही. डिजिटल वाचणाऱ्याला कागद नको असतो, असं मी गृहीत धरलं होतं.

ते गृहीतक चुकीचं आहे, हे मला आधीच उमगायला हवं होतं. स्टीफन किंग यांची एक दीर्घकथा मार्च 2000 मध्ये फक्त डिजिटल रूपात आली आणि पहिल्या 24 तासांत तिच्या चार लाखांच्या आसपास प्रती उतरवल्या गेल्या. तरीही 2002 मध्ये ती त्यांच्या कथासंग्रहात छापून आली. अँडी वीअर यांची पहिली कादंबरी त्यांच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने आली, मग डिजिटल पुस्तक झाली आणि 2014 मध्ये मोठ्या प्रकाशनाने ती कागदावर आणली. ज्यांनी ती फुकट वाचली होती त्यांच्यातल्याही अनेकांना ती कपाटात हवी असणार, हे मला आता तुमच्या पत्रामुळे पटतं.

तिसऱ्या भागाचं कारण वेगळं आहे. त्याचे छपाईचे हक्क आमच्याकडे नाहीत. लेखिकेने आम्हाला फक्त डिजिटल हक्क दिले आणि छपाईचे स्वतःकडे ठेवले. हा तिचा अधिकार आहे आणि त्यात वावगं काही नाही. 2012 मध्ये अमेरिकी लेखक ह्यू हॉवी यांनी नेमकं याच्या उलट केलं होतं: मोठ्या प्रकाशकाला फक्त छपाईचे हक्क दिले आणि डिजिटल हक्क स्वतःकडे राखले. तेव्हा तिसरा भाग कागदावर कधी येईल हे सांगणं माझ्या हातात नाही. त्याबद्दल मी ‘लवकरच’ म्हणणार नाही, ‘नक्की’ही म्हणणार नाही. लेखिकेला तुमचा अभिप्राय पाठवला आहे.

तुमच्या अभिप्रायातलं एक वाक्य मला लागलं: ‘पैसे मोजले, पण पुस्तक माझं झालं नाही.’ हे खरं आहे. डिजिटल पुस्तक विकत घेताना बहुतेक वेळा आपण वाचण्याचा परवाना घेतो. 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून दुरूनच काढून टाकल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले आणि कंपनीने नंतर माफीही मागितली, पण रात्री अर्धवट ठेवलेलं पुस्तक सकाळी नाहीसं व्हावं ही गोष्ट विसरता येत नाही. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत दिले गेले. समासात केलेल्या खुणा आणि मैत्रिणीला वाचायला देण्याची मुभा मात्र पैशात परत येत नाही. मी स्वतः ज्या कादंबऱ्या वाचून या व्यवसायात आले त्या सगळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या, पहिल्या पानावर दुसऱ्याच कोणाचं नाव लिहिलेलं होतं.

म्हणून कुलूप काढतो आहोत. पहिल्या दोन भागांच्या लेखिकांनी लेखी संमती दिली आहे. ज्यांनी हे भाग आधीच घेतले आहेत त्यांना कुलूप नसलेली फाईल पुन्हा उतरवून घेता येईल, वेगळे पैसे न भरता. तिसऱ्या भागाच्या लेखिकेनेही डिजिटल प्रतीपुरता होकार दिला आहे, फक्त त्या फाईलला आणखी काही दिवस लागतील.

छापील प्रतीचं आज खरं काय आहे ते एवढंच: पहिल्या भागाची मांडणी दुरुस्त होऊन दुसऱ्यांदा मुद्रितशोधनाला गेली आहे. नव्या मुद्रकाकडची चाचणी प्रत हातात आली, ती उघडून दाबून पाहिली आणि पान सुटलं नाही, की मागणीनुसार छपाई सुरू होईल. त्यानंतर दुसरा भाग. चाचणी प्रत पास होईपर्यंत मी तारीख जाहीर करणार नाही.

आणि तुमच्या वडिलांबद्दल. आमच्या काही ज्येष्ठ वाचकांचा अनुभव वेगळा आहे: अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून त्यांचं वाचन पुन्हा सुरू झालं. पण ज्याचे डोळे दुखतात त्याला हे ऐकवून काय उपयोग. नेहमीच्या 11 पॉइंटाच्या (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) छापील प्रतीनेही त्यांची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. मोठ्या टायपाची पुस्तकं 16 किंवा 18 पॉइंटात असतात. 11 वरून 16 वर गेलं की पानं दुपटीच्या थोडी वरच जातात, म्हणजे पहिला भाग एका खंडात मावत नाही, जाडजूड होऊन हातात धरवत नाही. त्यामुळे मोठ्या टायपाची बांधीव आवृत्ती आम्हाला लगेच जमणार नाही.

त्याऐवजी पहिल्या भागाची ए-फोर कागदावर छापता येईल अशी पीडीएफ आम्ही तयार केली आहे, 16 पॉइंटात, बांधणीकडे रुंद समास ठेवून आणि प्रकरणांचे सुटे गठ्ठे करता येतील अशी. ज्यांनी डिजिटल प्रत घेतली आहे त्यांनी स्वतःच्या घरासाठी एक प्रत छापून घ्यायला लेखिकेची आणि आमची परवानगी आहे, ती फाईलच्या पहिल्या पानावर छापलेली आहे, म्हणजे छपाईच्या दुकानात कोणी अडवलं तर दाखवता येईल. दुसऱ्या भागाची पीडीएफ दोन टायपांचं काम संपलं की देऊ.

खरेदीच्या पावतीवर जो पत्ता आहे तिथे पावतीचा क्रमांक कळवा, फाईल त्याच दिवशी पाठवते. वडिलांना 16 पॉइंट पुरेल की 18 लागेल, तेही लिहा. 18 ची मांडणी अजून केलेली नाही, पण त्यांना लागणार असेल तर करून घेते.

— प्रकाशक