बाटलीचा जन्मदाखला

माझी जन्मतारीख १ जून १९५९. अर्थात शाळेच्या दाखल्यावर. गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वर्गातली निम्मी पोरं १ जूनला जन्माला घातली होती. आई मात्र सांगायची, "पानशेत फुटलं तेव्हा तू रांगत होतास." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे गुरुजी खरे मानले, तर दोन वर्षांचा घोडा झालो तरी मी रांगतच होतो.

असल्या माणसाने दुसऱ्याचं वय काढायच्या भानगडीत पडू नये. पण लेकीकडे पेन्सिल्व्हेनियात सहा महिने काढायचे, म्हणजे काहीतरी उद्योग हवाच.

शेजारच्या गॅरेज सेलमध्ये दुधाची काचेची बाटली दिसली. लिटरला थोडी कमी, अंगावर लाल अक्षरांत डेअरीचं नाव, मागच्या बाजूला काळपट किटण. "व्हेरी ओल्ड," विकणाऱ्या बाई म्हणाल्या. किती ओल्ड, विचारलं तर खांदे उडवले. बारा डॉलर मोजले. बायकोने जागीच गुणाकार केला. "हजार रुपये! रिकाम्या बाटलीला!"

त्या रात्रीपासून मी भिंग घेऊन बसलो. दुधाची बाटली म्हणून जी ओळखली जाते, ती न्यूयॉर्क राज्यातल्या डॉ. हर्वी थॅचरनी १८८४ मध्ये आणली. १८८९ मध्ये पुठ्ठ्याच्या चकतीचं झाकण आलं आणि ती बसायला तोंडाच्या आत खाच आली. माझ्या बाटलीला खाच होती. साच्याची शिवण नखाने चाचपत गेलो, तर ती थेट ओठावरून पलीकडे गेलेली. म्हणजे यंत्रावरची. शिवण गळ्याशीच संपली असती, तर हाताने घडवलेली निघाली असती आणि बायकोपुढे माझी मान ताठ राहिली असती. त्यात ती लाल अक्षरं! काचेवर रंग भाजून पक्का करायची पद्धत बाटल्यांवर आली १९३० च्या दशकात. एका नखात माझी बाटली पन्नास वर्षांनी तरुण झाली.

मग बूड पाहिलं. चौकटच्या पत्त्यासारखी आकृती, तिच्यावर लंबगोल, मध्ये 'आय'. हा ओवेन्स-इलिनॉय कंपनीचा शिक्का, १९२९ ते १९५४ मधला. डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा सालाचा. मी टाळी वाजवली. उजवीकडे होता ४. नुसता ४! साल म्हणून शेवटचा आकडा तेवढा द्यायची त्यांची रीत. १९३४ की १९४४? तर १९४० नंतर आकड्यापुढे टिंब द्यायला लागले म्हणे, तेही दरवेळी नाही. माझ्या ४ पुढे काहीतरी होतं. टिंब असेल, काचेतला बुडबुडा असेल, नाहीतर ओरखडा. एका टिंबात दहा वर्षं अडकलेली. आपल्याकडे अनुस्वारावरून भांडणं होतात, पण वय नाही बदलत.

तीन रात्री मी टिंब पाहिलं. जावयाने मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि "बाबा, मला सकाळी मीटिंग आहे" म्हणून झोपायला गेला.

चौथ्या दिवशी उठलो तर टेबलावर बाटली नाही. स्वयंपाकघरात बायको ती खसाखसा घासत होती.

"अगं, पुरावा आहे तो!"

"अहो, किटण आहे ते. तेल भरणार आहे मी यात." तिने बाटली पालथी घातली. "आणि हे विमान कसलं हो?"

किटणाखालून लाल विमान निघालं होतं आणि खाली मजकूर : युद्धरोखे विकत घ्या. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. ३४ साली कुणाचं विमान आणि कसले रोखे! म्हणजे १९४४.

"लढाई चालू होती तेव्हाची आहे," मी पुटपुटलो.

"सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी असंच सांगितलं असतं," ती म्हणाली आणि बाटली पुसायला माझ्याच हातात दिली.

आता तिच्यात शेंगदाण्याचं तेल आहे. टिंबाचा मात्र अजून निकाल लागलेला नाही. तेलामुळे ते नीट दिसत नाही.