पाल्यासाठी शाळा निवडताना घ्यावयाची काळजी

खासगी आणि सरकारी शाळांची तुलना प्रत्येक सुजाण पालकाने अवश्य करावी. मात्र ती करताना जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रस्त्यावरून जाता जाता उडालेला रंग आणि पटांगणातली खिचडीची पातेली दिसली, म्हणजे निष्कर्षापुरती माहिती मिळालीच. आत गेलात, तर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल कोणाकडे राहिले आहे आणि त्याची वाचनाची गाडी कुठल्या जोडाक्षरावर अडली आहे, हे दोन्ही तोंडपाठ असलेल्या बाई भेटण्याचा धोका असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण तो निरोप सगळ्या नातेवाइकांना अभिमानाने पाठवला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेप्रती एवढे कर्तव्य पुरेसे आहे.

खासगी शाळेची पारख त्या मानाने सोपी. नावात ‘इंटरनॅशनल’ असावे, मग वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत असले तरी हरकत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने मनाई केली आहे आणि पहिल्याच वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. म्हणून सुसंस्कृत शाळा मुलाखत घेत नाहीत, त्या ‘इंटरॅक्शन’ घेतात. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलाने रंग इंग्रजीतून सांगावेत आणि वडिलांनी आपला हुद्दा. वह्या, बूट आणि बुधवारचा वेगळा गणवेश शाळेने सांगितलेल्या दुकानातूनच घ्यावा. वर्गावरच्या शिक्षिकेची पात्रता काय आणि तिला महिन्याकाठी हातात किती पगार पडतो, असले प्रश्न विचारून वातावरण बिघडवू नये. रात्री अकरा वाजता थर्माकोलचा ज्वालामुखी आईने रंगवावा, गणित शिकवणीच्या सरांनी शिकवावे आणि निकाल लागला की श्रेय शाळेला द्यावे.

सरकारी शिक्षकाला मात्र काटेकोर मोजमाप लावावे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे हाच कायदा सांगतो. या तीन दारांतून जेवढे आत ढकलता येईल तेवढे ढकलून, वर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र एवढे मागून झाले, की ‘गुरुजी वर्गात दिसतच नाहीत’ अशी तक्रार आपण मोकळ्या मनाने करू शकतो. पट घसरल्यावर तीच शाळा कशी ओस पडली, याचे दुःखही आपणच करावे. आपल्या मुलाचे नाव तिथल्या हजेरीपटावर कधीच नव्हते, हा तपशील गौण आहे.

खरी चिंता वेगळीच आहे. एवढी फी भरूनही शेजारच्या बाकावर कोण बसणार, याची खात्री शाळा देत नाही, कारण दुर्बल आणि वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखीव आहेत. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट देण्याची कनवाळू अधिसूचना राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. तरीही धीर सोडू नये. सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाचा पोशाख आणि वाढदिवसाची निमंत्रणे यांच्या जोरावर ही मुले आपोआप वेगळी बसू लागतात.

आता फीवाढीविषयी. शुल्क नियमन कायद्याखाली दाद मागायची, तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. वाढीव फीचे परिपत्रक आले, की पालकांच्या गटावर ‘ही लूट आहे’ असे प्रथम आपणच लिहावे. मग कोणी खरोखरच अर्जाचा मसुदा टाकून सह्या मागू लागला, तर मात्र विनाविलंब त्या गटातून बाहेर पडावे. पुढच्या वर्षी धाकटीचा प्रवेशही तिथेच घ्यायचा आहे.