मेंदू नसलेल्यांची वकील

ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. एरवी मी जिवंत आहे की फॉर्मॅलिनच्या बरणीत, याचं कुणाला सोयरसुतक नसतं. पण नैऋत्येच्या वाऱ्याने गिरगाव-जुहूच्या वाळूवर 'ब्ल्यू बॉटल'चे निळे फुगे आणून टाकले आणि कुणाच्या पोटरीला त्यांचे धागे चिकटले, की मी एका रात्रीत 'ज्येष्ठ सागरी तज्ज्ञ' होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर मुंबईत दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या होत्या. त्या आठवड्यात मी दोन चार्जर वापरत होते.

"मॅडम, जेलीफिशने हल्ला केलाय. दोन मिनिटं लाइव्ह याल?"

इथेच माझं घोडं अडतं. एक तर तो हल्ला नाही. वारा नेईल तिकडे जाणारा प्राणी हल्ला काय करणार? दुसरं म्हणजे तो जेलीफिशच नाही. ब्ल्यू बॉटल हा धड एक प्राणीसुद्धा नाही, ते एकत्र कुटुंब आहे. कुणी तरंगायचं, कुणी शिकार धरायची, कुणी नुसतं पचवायचं, कुणी वंश वाढवायचा. आणि वेगळं बिऱ्हाड करायची सोय कुणालाच नाही. आमच्या सासरी अशीच व्यवस्था होती, फक्त डंखाचं खातं एकट्या आजेसासूबाईंकडे होतं. हे उदाहरण मी एकदा लाइव्ह दिलं. त्याचे पडसाद थेट गौरीच्या जेवणापर्यंत उमटले.

त्यानंतरचा ठरलेला प्रश्न उपायाचा. तोही कुजबुजत. "त्यावर लघवी करतात ना हो?" नाही करत. वाळूही चोळत नाहीत. धागे चिमट्याने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा. किनाऱ्यावर मरून पडलेला फुगा पायाने ढोसायचा नाही, कारण मेल्यावरही त्याच्या डंखपेशी कामावर हजर असतात. सरकारी खात्यात हे जिवंतपणीही जमत नाही. एवढं सगळं मी सांगते आणि छापून येतं : 'घाबरू नका, तज्ज्ञांचा सल्ला'.

यंदा स्टुडिओत माझ्या चेहऱ्याखाली पट्टी फिरत होती, 'मेंदू नसलेला सैतान'. ती माझ्याबद्दल नव्हती असं मी धरून चालले. मेंदू नाही हे बाकी खरं. हृदय नाही, हाड नाही, खायची आणि टाकायची वाट एकच. एवढ्या भांडवलावर ही मंडळी ५० कोटी वर्षं टिकून आहेत. डायनासोर त्यांच्यासमोर आले आणि गेले.

"थोडक्यात सांगा मॅडम, समुद्र आजारी पडलाय म्हणून जेलीफिश वाढलेत. हो की नाही?"

थोडक्यात! त्यांना खाणारे आणि त्यांच्या वाट्याचं खाणारे मासे आपण उपसून काढतो. सांडपाणी सोडून प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, खतपाणी घालतो, मग तिथला प्राणवायू घटतो, आणि कमी प्राणवायूत मासे जिथे धापा टाकतात तिथे जेलीफिशचं बरं चालतं. वर त्यांच्या पिल्लावळीला चिकटायला आपण काँक्रीटच्या जेट्ट्या बांधून देतो. म्हणजे काही ठिकाणी वाढलेत, नक्की वाढलेत. पण २०१३ साली एका अभ्यासात जगभरच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्यांची संख्या साधारण वीस वर्षांच्या फेऱ्याने चढते-उतरते असं दिसलं. तेव्हा...

"म्हणजे समुद्र सूड घेतोय! बघत राहा."

मी 'तेव्हा'वरच राहिले.

समुद्र आजारी आहे हे मला कुणी स्टुडिओत सांगायची गरज नाही. त्याच संध्याकाळी नमुने गोळा करायला मी वर्सोव्याला गेले होते. गुडघाभर पाण्यात एक देखणा, अर्धपारदर्शक, लयीत उघडमीट करणारा जीव दिसला. श्वास रोखून, जाळी तिरकी धरून, एका लाटेत नाकातोंडात पाणी घेऊन मी तो पकडला. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी निघाली. टोन्ड. किनाऱ्यावरच्या दोन मुलांनी टाळ्या वाजवल्या. चामडीपाठी कासव जेलीफिशवरच जगतं आणि प्लास्टिकच्या पिशव्या याच गफलतीने गिळतं. त्याने तर डॉक्टरेटही केलेली नसते.

रविवारी काका जेवायला आले. नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या समुद्रात गेल्या होत्या, आणि आमच्याकडे श्रावण फक्त कालनिर्णयवर असतो. आईने पापलेट तळलं होतं.

"टीव्हीवर बघितलं गं तुला. आवाज बंद होता, पण छान दिसत होतीस," काका म्हणाले. "मला एक सांग, तुझ्या त्या जेलीफिशचा उपयोग काय?"

नोबेल सांगून झालं होतं. एका जेलीफिशमधल्या चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाच्या शोधासाठी आणि ते प्रयोगशाळेत कामाला लावण्यासाठी २००८ साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मी दर दिवाळीला सांगते. अवकाशवारीही झाली होती. १९९१ साली नासाने त्यांना यानातून वर नेलं होतं. त्यावर काकांनी "परत कशाला आणले?" असं विचारलं होतं.

"काका, खातात ते. चीन-जपानकडे कोशिंबीर करतात."

"शी! ते लिबलिबीत? मेलो तरी तोंडात घालणार नाही." त्यांनी पापलेटचा काटा सफाईने बाजूला काढला. "समुद्रातलं खावं तर हे. काय गं, पापलेट खातं तरी काय, इतकं गोड लागायला?"

मी आईकडे बघितलं. आईने मानेनेच 'नको' म्हटलं.

"जेलीफिश," मी म्हणाले.

काकांचा घास क्षणभर हवेत थांबला. मग तो तोंडात गेला, आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"वहिनी, शेपटीकडचा अजून एक असेल तर वाढा."